पडद्यामागची नोकरी, नागपुरातली

देशात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे सात. त्यांपैकी दक्षिण मध्य क्षेत्राचे केंद्र नागपुरात आहे, १९८६ पासून. कला व्यवस्थापन शिकू पाहणाऱ्याने या केंद्राच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात दुकानांपेक्षा मांडणी पाहावी: परराज्यांतल्या कारागिरांची सोय, मंच, वेळापत्रक, वीज.

खरी शाळा मात्र नागपूरबाहेर, देसाईगंज-वडशाला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या बहुतेक नाट्यमंडळ्यांची कार्यालये याच गावात. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. गावोगावची मंडळे येऊन नाटक ठरवतात, तारीख बांधतात, इसार देतात. प्रयोग रात्रभराचा. एकच कलावंत दोन तारखांना दिला गेला, तर निस्तरायचे कोणी? ते निस्तरणाऱ्या माणसाला कोणी ‘कल्चरल कन्सल्टंट’ म्हणत नाही, पण काम तेच. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर शहराचे लक्ष तिकडे थोडे वळले.

सल्लागाराची फी वसूल होते ती कागदपत्रांत. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाखापर्यंत असेल, तर कलावंताला जीएसटी नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृती येते, म्हणून कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा मागता येतो. प्रस्ताव लिहिता यायला हवा. सुरेश भट सभागृहाची किंवा वसंतराव देशपांडे सभागृहाची तारीख मात्र आधी पाहा, पाहुणे नंतर.