हत्यार-आयुष्य व कर्तन वेग

धातूचे यंत्रण करताना हत्याराला धार लावल्यापासून ती पुन्हा लावावी किंवा बदलावी लागेपर्यंत प्रत्यक्ष कर्तनात गेलेल्या काळास हत्यार-आयुष्य म्हणतात. ते मिनिटांत मोजतात. कार्यवस्तूचा पृष्ठभाग धारेजवळून दर मिनिटास जितके मीटर सरकतो, तो कर्तन वेग होय. लेथवर ५० मिमी. व्यासाचा दंड मिनिटास ४०० फेरे घेत असल्यास हा वेग सु. ६३ मी. असतो. वेग, सरक व कापाची खोली या कारागिराच्या हातातील तीन गोष्टींपैकी आयुष्यावर सर्वांत मोठा परिणाम वेगाचा होतो.

याचे कारण उष्णता. कर्तनास लागणारी जवळजवळ सर्व ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. तिचा बराचसा भाग छिलक्याबरोबर निघून जातो, तरी वेग वाढेल तसे धारेचे तापमान चढत जाते. साधे कार्बन पोलाद सु. २५०° से.ला, तर उच्च-वेग पोलाद सु. ६००° से.ला मऊ पडू लागते. कार्बाइड व मृत्तिका हत्यारे याहून बरेच अधिक तापमान सोसतात.

एफ्. डब्ल्यू. टेलर या अमेरिकन अभियंत्याने १८८० पासून सु. २६ वर्षे या विषयावर प्रयोग केले. त्यांत सु. ३६० टन लोखंड-पोलादाचा कीस झाला. १९०६ मध्ये त्याने मांडलेले सूत्र अद्यापि वापरात आहे. वेगाला आयुष्याच्या 'न' व्या घाताने गुणल्यास गुणाकार स्थिर राहतो, असे ते सांगते. 'न' चे मूल्य उच्च-वेग पोलादासाठी सु. ०·१२५ व कार्बाइडासाठी सु. ०·२५ धरतात. त्यामुळे वेग केवळ २० टक्क्यांनी वाढविल्यास पहिल्याचे आयुष्य चतुर्थांशाहूनही कमी होते, तर दुसऱ्याचे निम्म्यावर येते. फार कमी वेगास मात्र हे सूत्र लागू पडत नाही. तेथे पोलादासारख्या तन्य धातूचे कण धारेवर चिकटून थर साचतो आणि तो सुटताना धारही खरवडली जाते.

दीर्घतम आयुष्य देणारा वेग किफायतशीर असतोच असे नाही. वेग कमी केल्यास हत्यार टिकते, परंतु यंत्र व माणूस अधिक वेळ अडकून पडतात. हत्यार बदलण्यास लागणारा वेळ आणि धारेची किंमत यांचा हिशेब घालूनच वेग ठरवावा लागतो.

सोलापूर येथे १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटार एंजिनांसाठी शीतित ओतीव लोखंडाचे कॅमशाफ्ट तयार करते. अशा ओतकामात साच्यामध्ये कॅमच्या जागी धातूचे ठोकळे बसवितात. त्यांना टेकलेले लोखंड झपाट्याने निवून तेथे लोह कार्बाइडयुक्त, अतिशय कठीण असे पांढरे लोखंड बनते. धारव्यांत फिरणारे भाग सावकाश निवल्याने करड्या लोखंडाचे राहतात व त्यांतील ग्रॅफाइटामुळे ते सहज कातता येतात. म्हणजे एकाच दंडावर टेलर-सूत्रातील स्थिरांक दोन होतात. कठीण कॅम सामान्यतः कातत नाहीत, तर अपघर्षक चाकावर घासून अचूक करतात. पांढरे लोखंड शेजारच्या करड्या भागात पसरले, तर त्या भागासाठी निवडलेल्या वेगाने चालणारी धार काही क्षणांतच निकामी होऊ शकते. अशा वेळी हत्याराला दोष देऊन ते वारंवार बदलत बसण्यापेक्षा ओतकामाची कठिनता तपासणे श्रेयस्कर ठरते.