पट्टा कमरेवर, पोटावर नाही

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरानं जुनी गाडी घेतलीय. शर्यतीच्या गाडीत असते तशी खोलगट सीट आणि चार पट्ट्यांचा हार्नेस बसवायचा म्हणतोय. जास्त पट्टे म्हणजे जास्त सुरक्षा, नाही का?" त्यांच्यामागून प्रश्नांची रांगच लागली. गरोदर सुनेनं पट्टा लावावा का? मांडीवरच्या बाळाचं काय? ताईंच्या प्रश्नाचं उत्तर देऊच, पण साधा पट्टा नीट समजला तरच ते उत्तर कळेल. म्हणून आधी साध्या पट्ट्याबद्दल बोलू.

एसटीनं अचानक ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर आपटतो. गाडी थांबते, पण आपलं अंग त्याच वेगानं पुढे जात राहतं. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीत अंगाला जो वेग असतो, तोच वेग सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यावर जमिनीशी येतो. म्हणजे तेहतीस फूट खोल कोरड्या विहिरीत पडल्यासारखं. विहिरीत पडताना हात टेकून सावरू असं कुणी म्हणत नाही, पण गाडीत मात्र "मी घट्ट धरून बसते" असं आपण अगदी सहज म्हणतो.

आता मांडीवरच्या बाळाचा हिशोब करू. बाळ १० किलोचं आहे, वेग ५० चा आहे, आणि धडकेत गाडीचा पुढचा भाग अर्धा मीटर दबून गाडी थांबली असं धरा. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला साधारण २०० किलोचा जोर लागतो. म्हणजे ५० किलोची चार पोती, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत. कितीही कष्टाची सवय असली तरी आईच्या हातांना ते जमत नाही. बाळाला मांडीवर घेऊन दोघांना मिळून एकच पट्टा लावणंही वाईटच, कारण मग आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि ते पट्ट्याखाली चेंगरतं.

आज गाडीत दिसतो तो तीन जागी अडकवलेला पट्टा निल्स बोहलिन या अभियंत्यानं १९५९ साली व्हॉल्वो कंपनीत तयार केला. कंपनीनं त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही खुलं केलं. पट्टा अंगातल्या दणकट हाडांवर बसावा, एवढीच त्यामागची युक्ती. वरचा भाग खांद्यावरून छातीच्या मधोमध येतो आणि खालचा कमरेच्या हाडांवर बसतो. एरवी तो सैलसर सरकतो, पण झटका बसला की आतलं चाक अडकतं. तपासून बघा. हळू ओढला तर यायला हवा, जोरात हिसका दिला तर अडकायला हवा. अडकत नसेल, कडा उसवल्या असतील किंवा त्या गाडीला मोठा अपघात झालेला असेल, तर पट्टा बदलून घ्यायचा. गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला पट्टा चालत नाही.

साडीवर पट्टा लावताना पदर आणि शाल बाजूला घ्या. जाड घडीवरून लावलेला पट्टा घट्ट वाटतो, पण आत सैलच असतो. काखेखालून घेऊ नका, त्यानं बरगड्या मोडतात. गरोदर बाईनं पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटाखाली, मांड्या सुरू होतात तिथे कमरेच्या हाडांवर ठेवायचा. वरचा दोन स्तनांच्या मधून घेऊन पोटाच्या बाजूनं खाली आणायचा. पोटावरून आडवा कधीच घ्यायचा नाही. सासूबाई म्हणतील, "बाळाला दाबेल." पट्टा योग्य जागी असेल तर दाबत नाही. पट्टा नसताना पोट समोर आदळलं, तर मात्र आई आणि बाळ दोघांनाही धोका.

"आम्ही मागे बसतो, मागे कशाला?" हेही नेहमी ऐकू येतं. केंद्रीय ग्रामविकासमंत्री असताना गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरही पट्टा लावणं नियमानं बंधनकारक आहे. पट्टा नसेल तर १००० रुपये दंड. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तरीही तेवढाच. जत्रेला किंवा लग्नाला जीप ठरवताना भाड्याच्या आधी पट्टे मोजा, आणि जितके पट्टे तितकीच माणसं बसवा. चौदा जणी बसतात म्हणून स्वस्त पडते खरी, पण ती स्वस्ताई आम्हाला पटत नाही.

तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाजूला तोंड करून, गाडीच्या मागच्या सीटवर बसवतात. पुढे एअरबॅग चालू असेल तर तिथे अशी सीट मुळीच लावायची नाही, कारण फुगणारी पिशवी थेट सीटच्या पाठीवर आदळते. ही सीट महाग असते. गटातल्या दोन-तीन घरांनी मिळून घेतली तर बाळं मोठी होतील तशी ती पुढच्या घरी देता येईल. फक्त अपघात झालेली जुनी सीट घेऊ नका. दुचाकीसाठीही नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२२ ला काढलेला हा नियम वर्षभरानं लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० च्या वर नको. ओढणीनं बांधणं म्हणजे हा पट्टा नव्हे.

आता ताईंच्या मुलाबद्दल. बालसीटला पाच पट्टे असतात, दोन खांद्यांचे, दोन कमरेचे आणि एक पायांमधला. शर्यतीच्या हार्नेसची रचनाही तशीच. पायांमधला पट्टा नसेल तर खांद्यांचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात आणि अंग खालून घसरतं. चार पट्ट्यांच्या हार्नेसचा मोठा दोष हाच. पाचवा पट्टा घ्यायचा तर सीटला त्यासाठी भोक लागतं, ते कंपनीच्या सीटला नसतं. खांद्यांचे पट्टे मागे जवळपास सरळ जावे लागतात. ते मागच्या फरशीला खाली ओढून बांधले तर धडकेत मणक्यावर दाब येतो. शिवाय शर्यतीच्या गाडीत छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मान धरणारं साधन असतं. साध्या गाडीत यातलं काहीच नाही. गाडी उलटून छत दबलं, तर हार्नेसनं ताठ बांधलेल्या माणसाला वाकायला जागा उरत नाही. पिंजरा बसवावा म्हटलं, तर हेल्मेटशिवाय रोजच्या रस्त्यावर डोकं त्याच पाइपांवर आपटतं. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग मूळ सीटमध्येच असते, सीट काढली की तीही गेली. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून आरटीओत विचारल्याशिवाय स्पॅनर हातात घेऊ नये.

मुलाला खरंच शर्यतीच्या ट्रॅकवर जायचं असेल, तर त्यासाठी वेगळी गाडी आणि पूर्ण सामान घ्यावं. रोज आईला बाजाराला नेणाऱ्या गाडीत कंपनीचा तीन जागी अडकणारा पट्टा आणि मूळ सीटच ठेवावी. वाचलेल्या पैशांत टायर, ब्रेक आणि मागच्या सीटचे निकामी पट्टे बदलून घ्यावेत, आणि डोक्यामागची उशी डोक्याच्या उंचीला येईल इतकी वर करून द्यावी. त्याला तर खर्चही नाही.