चुनखडीच्या जमिनीत अनंताची जोपासना

पुणे शहरात व आसपासच्या गावांतून अनंताचे झुडूप हौसेने लावले जाते. रोपवाटिकेतून आणताना ते गर्द हिरवे व कळ्यांनी भरलेले असते. परंतु वर्षा-दोन वर्षांत त्याची कोवळी पाने पिवळी पडू लागतात, कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात आणि पुष्कळदा झुडूप वठून जाते. खत कमी पडले असे समजून युरिया घातला जातो, पाणी वाढविले जाते, आणि त्यामुळे दुखणे अधिकच बळावते. हौशी माणसाचे यात एका झुडपाचे नुकसान होते. परंतु सोरतापवाडी, उरुळी कांचन यांसारख्या भागांत रोपवाटिकेवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांचा पिवळ्या रोपांमुळे सारा हंगाम वाया जाऊ शकतो.

पिवळेपणाचे कारण

अनंत हा मूळचा चीन व जपानकडील असून कॉफीच्या कुलातील आहे. त्याला आम्लधर्मी जमीन मानवते. सामू ५ ते ६.५ असल्यास तो उत्तम वाढतो. हिमालयातील बुरांस, निलगिरीच्या माथ्यावरील त्याचे भाईबंद व कुंड्यांतून विकली जाणारी अझेलिया यांचीही प्रकृती अशीच आहे.

पुण्याची जमीन काळ्या पाषाणापासून बनलेली आहे. येथे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाने जमिनीतील चुना वाहून जात नाही. तो खड्यांच्या व भुकटीच्या रूपाने साठून राहतो. महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्यामुळे तेथील चुना धुपून जातो व माती तांबडी आणि आम्लधर्मी होते. चुनखडीच्या जमिनीत लोह विपुल असले तरी ते विद्राव्य राहत नाही. म्हणजे कोठार भरलेले, पण दाराला कुलूप, अशी मुळांची स्थिती होते.

लक्षणे कशी ओळखावीत

लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहसा जात नाही. म्हणून त्याची उणीव प्रथम शेंड्याकडील कोवळ्या पानांत दिसते. पान पिवळे पडते, पण शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडले असता खालची जुनी पाने आधी व सरसकट पिवळी होतात. खात्री करून घेण्यासाठी एका पिवळ्या पानास हिराकशीचे सौम्य द्रावण कापसाने लावावे. आठ-दहा दिवसांत तेथे हिरवटपणा आल्यास लोहाचीच उणीव समजावी.

मातीची परीक्षाही सोपी आहे. सुक्या मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब टाकावेत. फेस आल्यास चुना आहे असे जाणावे. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू व लोह या दोहोंची नोंद असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती शेतकऱ्यास वाचून दाखवावी.

लागवड

गंधक घालून जमीन आम्लधर्मी करण्याचा सल्ला दिला जातो. परंतु १ किलो चुना निष्प्रभ करण्यास सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागते. साठ सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीच्या खड्ड्यात अडीचशे किलोच्या आसपास माती असते. तिच्यात शेकडा ५ चुना असेल, तर एका खड्ड्यास ४ किलो गंधक हवे. हा खर्च परवडणारा नाही.

त्यापेक्षा जमिनीवर ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा वाफा करून त्यात लाल मातीचे दोन भाग व कुजलेल्या पाल्याचे खत एक भाग असे मिश्रण भरावे. काळ्या जमिनीत खड्डा घेतल्यास भोवतालचे चुनामिश्रित पाणी त्यात झिरपते व मुळे कुजतात. शहरात भिंतीच्या कडेला लागवड करू नये. तेथील मातीत सिमेंट व चुन्याचा राडारोडा मिसळलेला असतो. जागा नसल्यास मोठी कुंडी वापरावी. अभिवृद्धी पावसाळ्यात अर्धपक्व फांद्यांच्या छाट कलमांनी किंवा गुटी कलमांनी करावी.

खत व पाणी

चुलीतील राख व चुना अनंतास घालू नये. नत्रासाठी अमोनियम सल्फेट वापरावे. वाढत्या झुडपास एका वेळी सुमारे २५ ग्रॅम पुरे. पिवळेपणा आल्यास १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सायंकाळी फवारावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. द्रावण ताजे असावे. तांबूस झालेले निरुपयोगी होय. फवाऱ्याने त्या वेळची पाने हिरवी होतात, मूळ कारण दूर होत नाही. म्हणून मातीची व्यवस्था आधी करावी.

विहिरीच्या जड पाण्याने वाफ्यात हळूहळू चुना साठतो. शक्य तेथे पावसाचे साठविलेले पाणी द्यावे. कळ्या धरल्यावर माती एकदा कोरडी व एकदा चिखल होऊ दिल्यास कळ्या गळतात; ओल सारखी राखावी व बुंध्याभोवती पाल्याचे आच्छादन करावे.

छाटणी व किडी

बहर संपताच हलकी छाटणी करावी. उशिरा छाटल्यास पुढील कळ्या कापल्या जातात. पिठ्या ढेकूण व पांढरी माशी यांच्या चिकट स्रावावर काजळी वाढते. त्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

एवढे करणे जेथे शक्य नसेल, तेथे कण्हेर किंवा बोगनवेल लावणे शहाणपणाचे ठरेल. चुनखडीची जमीन ती सहज सोसतात. अनंत लावावयाचाच असेल, तर रोप विकत घेण्याअगोदर त्याच्यासाठी माती तयार ठेवावी.