कुतचा वेढा आणि घोड्याचं मांस

कंधारच्या भुईकोटाचा खंदक बघत वाढलेल्या माणसाला वेढ्यांचं वेड लागणारच. वेढ्यात तोफांच्या आधी कोठाराचा प्रश्न येतो : आत धान्य किती दिवसांचं आहे? या एकाच प्रश्नामागे जाताजाता मी इराकमधल्या कुत-अल-अमारापाशी पोचलो.

पहिल्या महायुद्धातलं गॅलिपोली जगाला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाने आपल्या त्या मोहिमेचा पहिला स्मृतिदिन 25 एप्रिल 1916 रोजी पाळला. त्यानंतर चारच दिवसांनी कुत पडलं. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधले सुमारे 13,000 लोक तुर्कांच्या हाती लागले. त्यांत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. ऑस्ट्रेलियन विमानदलाचे नऊ मेकॅनिकही होते. त्यांतले सात कैदेत मेले.

आपला कंधारचा मुलूख तेव्हा निजामाचा. तुर्की सुलतान खलिफा असूनही निजामाने 1914 मध्ये मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितलं आणि हैदराबाद लान्सर्स सुएझकडे गेले. कुतमधले मराठे मात्र इंग्रजी फौजेचे.

बगदाद घेण्याच्या हव्यासाने टाउनशेंडला नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनपर्यंत नेलं. तिथे मार खाऊन फौज कुतला परतली आणि 7 डिसेंबरपासून वेढली गेली. पुढे जवळजवळ पाच महिने.

खरा वाद शिध्याचा. डाळ, तूप, भाजी संपत गेली तसे घोडे आणि खेचरं कापली जाऊ लागली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं; हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, त्या आल्याही. तरी शिपाई बधेनात. तारेने धर्माची अडचण सुटली असेल, गावकीची सुटत नव्हती. घरी परतल्यावर वाळीत टाकलं तर? मुलीला स्थळ कोण देणार? हा हट्ट नव्हता. गाव ज्याने पाहिलंय, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. तिची किंमत स्कर्व्हीने वसूल केली : हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. गोऱ्यांना पांढऱ्या पिठामुळे बेरीबेरी झाला, तो जवाची कणीक मिळाल्यावर ओसरला. विमानांतून पिठाची पोती टाकली, जात्याची तळीसुद्धा टाकली. एप्रिलमध्ये पिठाचा रोजचा वाटा चार-पाच औंसांवर आला, तेव्हा कुठे बहुतेक शिपाई मांस खायला तयार झाले.

यांनी आधी खाल्लं असतं तर आणखी तग धरता आला असता, असा सूर टाउनशेंडच्या बाजूने लागला. मला तो अन्याय्य वाटतो. सुरुवातीला त्यानेच शिधा थोड्या आठवड्यांचा असल्याचं कळवलं. सोडवायला निघालेल्या जनरल एल्मरने म्हणून घाईघाईत शेख साद, वादी आणि हन्ना इथे हल्ले केले आणि माणसं गमावली. त्यानंतर कुतमधल्या घरांची झडती झाली, तेव्हा पुष्कळ धान्य निघालं. झडती आधी घेतली असती तर एल्मरला तयारीला वेळ मिळाला असता. दोष पागेचा नाही, कोठाराच्या चुकलेल्या हिशेबाचा आहे.

पुढे टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपाई वाळवंट तुडवत रास-अल-ऐनला गेले आणि बगदाद रेल्वेच्या कामावर राबले. 117 व्या पलटणीला 1921 मध्ये ‘रॉयल’ किताब मिळाला.

बसराच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. म्हणून विनंती : घरात पणजोबांचं पदक असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर आणि पलटण उतरवून घ्या, आणि पणजोबांचं नाव शेजारी लिहून ठेवा.