क्ष-किरण चित्रणातील शरीरस्थिती

क्ष-किरण चित्रणातील शरीरस्थिती म्हणजे अवयवाची स्पष्ट प्रतिमा मिळावी म्हणून रुग्णाचे शरीर, क्ष-किरण नळी आणि प्रतिमाग्राहक यांची केलेली मांडणी होय. क्ष-किरण प्रतिमा ही त्रिमितीय शरीराची सपाट छाया असल्याने पुढचे-मागचे अवयव तीत एकमेकांवर येतात. म्हणून हाडांची बहुधा परस्परांशी काटकोनातील किमान दोन चित्रे घेतात. एकात न दिसलेला अस्थिभंग दुसऱ्यात दिसू शकतो.

छाती

किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडतात. हृदय ग्राहकाजवळ राहते आणि नळी सुमारे १८० सेंमी दूर असते. त्यामुळे हृदयाचा आकार फारसा वाढलेला दिसत नाही. खांदे पुढे वळवल्याने खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरतात. चित्र दीर्घ श्वास रोखून घेतात.

मान

बोरघाटाच्या पायथ्याच्या शिळफाटा (खोपोली) परिसरासारख्या महामार्गालगतच्या ठिकाणी हे चित्रण विशेष महत्त्वाचे ठरते. अपघातग्रस्ताची मान न वळवता, तो उताणा असतानाच आडव्या किरणाने बाजूचे चित्र घेतात. त्यात मानेचे सातही मणके आणि पाठीच्या पहिल्या मणक्याचा वरचा भाग दिसणे आवश्यक असते. सातवा मणका अनेकदा खांद्यांच्या छायेत लपतो. तो न दिसल्यास चित्र अपुरे मानतात, कारण तेथील इजा नजरेतून सुटल्यास मज्जारज्जूला कायमची हानी पोहोचू शकते.

सुरक्षितता

उजवी-डावी बाजू दर्शवणारी शिशाची खूण चित्रात असावी लागते. चुकीच्या स्थितीमुळे चित्र पुन्हा घ्यावे लागल्यास रुग्णाला अनावश्यक किरणमात्रा मिळते. भारतात क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षित वापरावर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या, मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.