संकेतस्थळावरील नोंदींचा क्रम कोण ठरवतो?

एखाद्या नाट्यसंस्थेच्या संकेतस्थळावर आगामी प्रयोगांची यादी असते. तीन महिन्यांनंतरचा प्रयोग सर्वांत वर झळकतो आणि उद्याचा प्रयोग तिसऱ्या पानावर दडलेला असतो. माहिती अचूक, पण क्रम चुकलेला. परिणामी रसिक प्रयोगाला मुकतात.

याचे मूळ संकेतस्थळाच्या रचनेत आहे. अनेक संकेतस्थळे ‘वर्डप्रेस’ या प्रणालीवर चालतात. २०१० मध्ये आलेल्या तिच्या ३.० या आवृत्तीपासून लेख व पाने यांखेरीज प्रयोग, पुस्तके, पदाधिकारी अशा स्वतंत्र प्रकारच्या नोंदी करणे सुलभ झाले. मात्र वेगळी सूचना नसेल, तर त्या लेखांप्रमाणेच प्रसिद्धीच्या दिनांकानुसार, नवी नोंद आधी, अशा लागतात. बातम्यांसाठी हा क्रम योग्य आहे. कार्यक्रमाच्या बाबतीत नोंद कधी केली यापेक्षा कार्यक्रम कधी आहे, हे महत्त्वाचे ठरते.

यावर दोन मार्ग आहेत. पदाधिकाऱ्यांसारखी यादी मानाप्रमाणे लावायची असल्यास प्रत्येक नोंदीला क्रमांक देता येतो. हे क्रमांक १०, २०, ३० असे अंतर ठेवून द्यावेत, म्हणजे मध्ये नवे नाव घालताना सगळी यादी बदलावी लागत नाही. केवळ क्रमांक भरून मात्र भागत नाही. यादी त्यानुसार मागवण्याची सूचना संकेतस्थळाच्या आज्ञावलीतही असावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे प्रयोगाचा दिनांक स्वतंत्र रकान्यात साठवून त्यानुसार क्रम लावणे. येथे दिनांकाची मांडणी निर्णायक ठरते. रकान्यातील मजकूर संगणक डावीकडून अक्षरशः ताडून पाहतो. दिवस आधी लिहिल्यास ०५-१२ हा दिनांक २०-०३ च्या आधी लागतो, म्हणजे डिसेंबर मार्चच्या पुढे जातो. वर्ष, महिना, दिवस असे लिहिल्यास ही चूक टळते. साध्या अंकांनाही हाच नियम लागू आहे. ते संख्या म्हणून ताडण्याची सूचना नसेल, तर १० हा २ च्या आधी येतो.

आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. रकान्यानुसार क्रम लावताना ज्या नोंदीला तो रकानाच जोडलेला नाही, ती सामान्यतः यादीतून गळते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. प्रयोग फक्त दिसेनासा होतो. म्हणून दिनांक भरणे सक्तीचे करावे आणि क्रम बदलल्यावर यादीतील नोंदी एकदा मोजून पाहाव्यात.