ओरडणाऱ्या पोराच्या हातावर गूळ



मी बी-बियाण्याचा माणूस. पण शिवारफेरीला गेलो की चहाला बोलावणे होतेच. एका घरी ओसरीवर नऊ वर्षांचा मुलगा कमरेला दोरी लावून खांबाला बांधलेला पाहिला. विहिरीकडे पळतो, म्हणून दोरी. बोलणे दोन-चार शब्दांचे. म्हातारी म्हणाली, "साहेब, डोक्यानं अधू हाय. देवऋषी झाले, आता कुणाला दाखवायचं?"

मानसशास्त्रज्ञाला दाखवायचे. हा वेड्यांचा डॉक्टर नव्हे. तो मुलाला ठोकळे लावायला देतो, आईला प्रश्न विचारतो आणि समज किती, कुठे कमी, ते मोजतो. आपले मातीपरीक्षणच म्हणा ना! पत्रिकेत नत्र कमी आले म्हणून कोणी रान पडीक टाकत नाही.

तिथल्या बाईंनी आईला एकच काम सांगितले. आठ दिवस वहीत लिहा : पोरगे कधी ओरडले, त्याआधी काय घडले, नंतर तुम्ही काय केलेत. थोरल्या बहिणीने लिहिले. बहुतेक वेळा ओरडल्यावर हातावर गुळाचा खडा पडत होता! म्हणजे ओरडायला आपणच शिकवले. मग ठरले, बोट दाखवले तर लगेच खडा, ओरडला तर नाही. पहिले चार दिवस ओरडणे उलट वाढले. असे होतेच, तेव्हा कच खाऊ नका.

सदराही असाच शिकवला. आईने सगळा घालायचा, त्याने फक्त शेवटी खाली ओढायचा. जमले की तिथल्या तिथे शाबासकी. संध्याकाळी दिलेली कशाची, ते त्याला कळत नाही. मग एक बाही, मग दुसरी. चार महिने लागले.

आता दोरी सुटली आहे. विहिरीला काटेरी कुंपण केले. शेळ्यांना पाला तो टाकतो. अजून बोलतो थोडेच, आणि पूर्ण बरा करतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासते. बऱ्याच जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. पत्ता आशाताईंना विचारा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शक्यतो सहा वर्षांच्या आत न्या, आणि जाताना आठ दिवसांची वही बरोबर घ्या.